क्ष-किरणांचें चित्र : भीति कशाची, काळजी कशाची

(महोत्सवी वर्षांत, रुग्णांच्या जागतिक दिनीं, मिस्साबलिदानानंतर धर्मग्रामाच्या सभागृहांत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या वर्षांत धर्मगुरूनें बोलावयास उभें राहून मंदिराच्या उभारणीचा, पूर्वींच्या धर्मगुरूंच्या कष्टांचा आणि उपकारकर्त्यांच्या औदार्याचा इतिहास सांगावा, अशी आपली अपेक्षा असणें स्वाभाविक आहे. तें काम माझ्याहून अधिक जाणत्या वक्त्यांनीं केलें आहे व पुढेंही करतील. आज ११ फेब्रुवारी. परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनीं १९९२ सालीं हा दिवस रुग्णांचा जागतिक दिन म्हणून ठरवून दिला, व १९९३ पासून तो ख्रिस्तसभेंत पाळला जात आहे. म्हणून मीं आज अगदीं व्यवहारांतला एक विषय घेतला आहे. डॉक्टर म्हणतात, “फोटो काढून आणा”. त्यानंतर आपण काय करावें, काय अपेक्षावें आणि कशाची काळजी घ्यावी, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

धर्मगुरूचा या विषयाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. लेवीय ग्रंथ उघडून पाहा. मनुष्याच्या कातडीवर डाग दिसला म्हणजे त्यास याजकाकडे नेत असत. याजक तो डाग बारकाईनें पाही. शंका राहिल्यास त्यास सात दिवस वेगळें ठेवी, पुन्हां पाही, आणि मगच निर्णय देई. प्रभु येशूनें कुष्ठरोग्यास बरें केलें तेव्हां त्यालाही याजकाकडे जाऊन आपलें शरीर दाखविण्याची आज्ञा केली. नीट पाहणें, घाईनें निर्णय न देणें, आणि शंका असल्यास पुन्हां पाहणें, ही आमच्या पदाची फार जुनी शिकवण आहे. आज पाहण्याचें काम डॉक्टरांकडे गेलें आहे, व तें योग्यच आहे. परंतु “लपवूं नका, दाखवा” असें सांगण्याचें काम अजून आमच्याकडेच आहे.

आज लूर्दमातेचा सण. १८५८ सालीं आजच्याच तारखेस जिला पवित्र मरियेचें प्रथम दर्शन झालें, ती बर्नादेत्त पुढें धर्मभगिनी झाली आणि १८७९ सालीं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, क्षयानें मरण पावली. क्षयाचा जंतु तेव्हां कोणास ठाऊक नव्हता. रॉबर्ट कॉख यांनीं तो १८८२ सालीं दाखवून दिला. बालयेशूची संत तेरेजा १८९७ सालीं, अवघ्या चोविसाव्या वर्षीं, याच रोगानें गेली. जंतु तेव्हां ओळखला गेला होता, क्ष-किरणही सांपडले होते. परंतु औषध नव्हतें. स्ट्रेप्टोमायसिन हें पहिलें परिणामकारक औषध १९४३ सालीं सांपडलें. या दोन संत स्त्रियांनीं तो रोग ईश्वरेच्छा म्हणून सोसला, कारण सोसण्यावांचून त्यांना दुसरा मार्ग नव्हता. आपल्याला मार्ग आहे. मार्ग असतां भीतीनें घरांत बसून राहणें याला सहनशीलता म्हणतां येणार नाहीं.

या किरणांना मराठींत ‘क्ष-किरण’ कां म्हणतात, हेंही ऐकण्याजोगें आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें विल्हेल्म राँटजेन हे प्राध्यापक अंधाऱ्या खोलींत विजेच्या नळीवर प्रयोग करीत होते. नळी काळ्या कागदानें झांकलेली असतांही दूर ठेवलेला पडदा उजळूं लागला. हे कसले किरण, हें कळेना. म्हणून बीजगणितांत अज्ञात संख्येस जें अक्षर देतात तेंच त्यांनीं या किरणांस दिलें. आपल्या शाळांतून अज्ञात संख्येस ‘क्ष’ म्हणत, म्हणून आपण त्यांस क्ष-किरण म्हटलें. त्याच डिसेंबरांत त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. त्यांत हाडें आणि बोटांतील अंगठी स्पष्ट दिसत होती. १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. तरीही या शोधावर त्यांनीं आपला हक्क नोंदवून घेतला नाहीं. तो सर्वांच्या उपयोगास मोकळा ठेवला. पुढें १९४१ सालीं परमगुरुस्वामी बारावे पायस यांनीं महादूत मिखाएल यास या विद्येच्या उपासकांचा आश्रयदाता ठरविलें.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. भिवंडी हें यंत्रमागांचें गांव. येथें दिवसपाळी आणि रातपाळी चालते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले मजूर एकेका खोलींत दाटीवाटीनें राहतात. एका पाळीचा मनुष्य उठला कीं त्याच जागेवर दुसऱ्या पाळीचा निजतो. कारखान्यांत सुताची धूळ, आणि खोलींत कोंडलेली हवा. क्षयाचा जंतु खोकल्यावाटे हवेंत जातो व श्वासावाटे दुसऱ्याच्या छातींत शिरतो. त्यास याहून सोयीची जागा कोणती? तरीही खोकल्याकडे आपण किती बेफिकिरीनें पाहतों! “धुळीचा खोकला आहे, पाऊस संपला कीं जाईल,” असें म्हणतां म्हणतां तीन महिने जातात.

ही बेफिकिरी एकट्या आपल्याच गांवाची नव्हे. भारत सरकारनें २०१९ ते २०२१ या काळांत क्षयरोगाची देशव्यापी पाहणी केली. तींत असें आढळलें कीं, लक्षणें असलेल्या दर शंभर लोकांपैकीं सुमारें चौसष्ट जण कोठेंही उपचारास गेलेच नव्हते. दुसरी गोष्ट याहूनही विचार करण्याजोगी आहे. त्या पाहणींत जे क्षयरोगी सांपडले, त्यांपैकीं शेकडा ४२.६ इतके केवळ छातीच्या फोटोमुळें सांपडले. नुसतीं लक्षणें विचारून थांबलें असतें, तर ते रोगी निरोगी समजून घरीं पाठविले गेले असते.

येथें एक हकीकत सांगतों; नांव सांगत नाहीं. एका मागवाल्या कामगारास दोन महिने खोकला होता. गल्लींतल्या डॉक्टरांनीं फोटो काढावयास सांगितला. त्यानें कारखान्यांतून उचल घेतली, एका खासगी केंद्रांत फोटो काढला, आणि तपकिरी पाकिटांत तो घरीं आणला. अहवाल इंग्रजींत होता. पैसे संपले होते, आणि डॉक्टरांकडे पुन्हां जावयाचें तर आणखी एक खाडा पडणार होता. त्यानें तें पाकीट ट्रंकेच्या तळाशीं ठेवून दिलें. घर आशीर्वादित करण्यासाठीं मीं गेलों, तेव्हां त्याच्या पत्नीनें तें मजसमोर ठेविलें व विचारिलें, “फादर, यांत काय लिहिलें आहे?” पांच आठवडे तो कागद घरांत होता. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागांत डाग आहे, बेडका तपासावा, असें त्यांत स्वच्छ लिहिलें होतें. त्याच खोलींत दोन लहान मुलें निजत होतीं. दुसऱ्या दिवशीं बेडका तपासावयास दिला, औषध सुरू झालें, सहा महिने त्यानें तें नेमानें घेतलें, आणि आज तो पुन्हां मागावर उभा आहे. मुलांचीही तपासणी झाली. तीं सुखरूप आहेत. पैसा खर्च झाला होता, फोटोही निघाला होता. राहिलें होतें तें एकच पाऊल. त्या एका पावलासाठींच मी आज बोलत आहें.

तर फोटो काढावयास गेल्यावर काय घडतें? प्रथम डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी. कोणत्या अवयवाचा फोटो, आणि कशाकरितां, हें तींत लिहिलेलें असतें. चिठ्ठीवांचून, केवळ मनाच्या समाधानासाठीं, फोटो काढूं नये. केंद्रांत नांव, वय लिहून घेतात. स्त्रियांना गर्भ आहे कीं काय, पाळी कधीं आली, असें विचारतात. या प्रश्नाचा राग मानूं नये, व लाजेनें खोटें उत्तर देऊं नये. पोटांतील बालकास किरणांपासून जपलें पाहिजे, म्हणून हा प्रश्न आहे. विचारला नाहीं, तर आपण होऊन सांगावें.

मग गळ्यांतील धातूच्या वस्तु काढावयास सांगतात : साखळी, मंगळसूत्र, पदक, क्रूस, रोझरीची माळ. आपल्या कित्येक आजीबाई येथें अडून बसतात; गळ्यांतला क्रूस काढणें त्यांना अशुभ वाटतें. आयांनो, क्रूस काढल्यानें प्रभु दूर जात नाहीं. धातूची पांढरी सावली चित्रावर पडते, आणि नेमका तिच्याच मागें डाग असला तर डॉक्टरांना तो दिसत नाहीं. क्रूस रुमालांत बांधून हातांतल्या पिशवींत ठेवावा, व बाहेर येतांच पुन्हां घालावा. लांब वेणीही मानेवरून वर बांधावी लागते. कपडे बदलण्यासाठीं आडोसा मागण्याचा, तसेंच सोबत स्त्री-परिचारिका असावी असें म्हणण्याचा, स्त्रियांना अधिकार आहे. तो संकोच न करतां बजावावा.

छातीच्या फोटोसाठीं बहुधा उभें करतात. छाती सपाट फळीस टेकवावयाची, हात कमरेवर, खांदे पुढें. तंत्रज्ञ शिशाच्या आडोशामागें जातो आणि म्हणतो, “श्वास घ्या, रोखून धरा.” बारीकसा आवाज होतो, आणि काम संपतें. दुखत नाहीं, भाजत नाहीं, कांहीं टोंचीत नाहींत. हललें, किंवा श्वास सोडला, तर चित्र पुसट येतें व पुन्हां काढावें लागतें. म्हणून तेवढा क्षणभर स्थिर राहावें. सोबतच्या नातेवाइकांनीं खोलीबाहेर थांबावें. लहान मूल धरून ठेवावेंच लागलें, तर शिशाचा ॲप्रन मागून घ्यावा, आणि गरोदर स्त्रीनें तें काम करूं नये.

“चित्रांत काय दिसतें हो?” असें तंत्रज्ञास विचारूं नये. चित्र नीट काढणें हें त्याचें काम. वाचणें क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टरांचें. हवा काळी दिसते, हाड पांढरें दिसतें, म्हणून निरोगी फुप्फुस काळसर दिसतें. त्यांत जेथें नको तेथें पांढुरकेपणा आला कीं डॉक्टर सावध होतात. परंतु काळ्या-पांढऱ्याचा हा हिशेब आपण घरीं दिव्यापुढें धरून करूं नये. त्यानें विनाकारण रडारड होते, किंवा विनाकारण निश्चिंतपणा येतो, दोन्ही वाईट.

आतां भीतीविषयीं. “या किरणांनीं कर्करोग होतो,” असें पुष्कळांच्या तोंडीं असतें. अतिरेक झाल्यास हे किरण अपायकारक आहेत, हें खरें. म्हणून तर तंत्रज्ञ आडोशामागें जातो. तो रोज कित्येक फोटो काढतो, आपण क्वचित् एखादा. त्याला आपल्या अंगावर पडलेल्या किरणांची मोजदाद ठेवणारा एक लहानसा बिल्ला छातीवर लावावा लागतो. माती, दगड, आकाश आणि अन्न यांतून आपल्या सर्वांवर निसर्गतःच कांहीं किरण पडत असतात. किरणांच्या मोजमापांत त्यांचें प्रमाण जगाच्या सरासरीनें वर्षाला सुमारें २.४ मिलिसीव्हर्ट भरतें. चांगल्या यंत्रावर छातीच्या एका साध्या फोटोचें प्रमाण एका मिलिसीव्हर्टच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसतें. म्हणजे निसर्ग जें आपल्याला थोड्या दिवसांत देतो, तेवढेंच. छातीचा सीटी स्कॅन मात्र याहून कित्येक पटींनीं जड असतो. तो दोन-तीन वर्षांच्या नैसर्गिक किरणांइतका होऊं शकतो. म्हणून “मोठा फोटो काढा, पैसे देतों,” असा आग्रह आपण होऊन कधीं धरूं नये. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत क्ष-किरण मुळींच नसतात.

भीति सोडावी, पण काळजी सोडूं नये. आपल्या देशांत अशा यंत्रांवर देखरेख ठेवणारें अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ सालीं स्थापन झालें. त्याची कचेरी आपल्याजवळच, मुंबईंत अणुशक्तिनगर येथें आहे. या मंडळाच्या परवान्यावांचून क्ष-किरणांचें यंत्र चालवितां येत नाहीं. “परवाना आहे काय?” असें विचारणें हा उद्धटपणा नव्हे. दारावर किरणांची खूण असलेली पाटी, दार बंद होणारी खोली, शिशाचा आडोसा, तंत्रज्ञाचा बिल्ला, या गोष्टी कोणासही डोळ्यांनीं पाहतां येतात.

आणि पैशांविषयीं. संत मार्क आपल्या शुभवर्तमानांत एका स्त्रीची हकीकत देतात. बारा वर्षें ती रक्तस्रावानें आजारी होती. अनेक वैद्यांकडे तिनें आपलें सर्वस्व खर्चिलें, आणि तिचा आजार वाढतच गेला. ती स्त्री आजही भिवंडीच्या गल्ल्यांतून फिरत आहे. खासगी केंद्रांत जाण्यांत मुळींच दोष नाहीं. तें घराजवळ असतें, पाळी सुटल्यावरही उघडें असतें, रांग थोडी असते. परंतु फोटो काढण्यापूर्वीं दर विचारावा, त्यांत तज्ज्ञाचा लेखी अहवाल धरला आहे कीं नाहीं तें विचारावें, आणि पावती घ्यावी. अमुक एकाच ठिकाणीं जाण्याची सक्ती कोणी करीत असेल, तर कां, असें नम्रपणें विचारावें. रुग्ण पाठविण्याबद्दल दलाली घेण्यास भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनीं डॉक्टरांस मनाई आहे. त्याच नियमांनुसार रुग्णानें मागितल्यास त्याच्या उपचाराचीं कागदपत्रें ७२ तासांच्या आंत द्यावीं लागतात. खर्च करण्यापूर्वीं आपल्या गांवच्या इंदिरा गांधी स्मृति उपजिल्हा रुग्णालयांत एकदां चौकशी करावी. कारण राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमांत क्षयाची तपासणी आणि औषधें विनामूल्य आहेत. उपचार चालू असेतों पोषणासाठीं दरमहा मिळणारी सरकारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली आहे. खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून प्रत्येक क्षयरोग्याची नोंद सरकारकडे करणें बंधनकारक आहे. नोंद झाली म्हणून घाबरूं नये. ती रोग्याच्या व त्याच्या घरच्यांच्या हितासाठीं आहे.

चित्राची मर्यादाही जाणून असा. फोटो ही साक्ष आहे, निकाल नव्हे. फुप्फुसावरचा डाग क्षयाचा असेल, न्यूमोनियाचा असेल, किंवा बऱ्या झालेल्या जुन्या रोगाचा वणही असेल. बेडका तपासल्यावरच पुष्कळदां खरें काय तें कळतें. आखाती देशांत नोकरीस जाऊं पाहणाऱ्या आपल्या तरुणांना हा जुना वण फार सतावतो. म्हणून पूर्वींचे सगळे फोटो आणि उपचारांचे कागद जपून ठेवावे, म्हणजे नवें काय आणि जुनें काय हें डॉक्टरांस ताडून पाहतां येतें. उलट, कापसाच्या धुळीनें छाती आवळते, सुटीनंतर कामावर परततांच दम लागतो, आणि तरी फोटो स्वच्छ येतो, असेंही घडतें. तेव्हां “फोटो चांगला आहे ना, मग ढोंग करतोस,” असें मुकादमानें म्हणूं नये, आणि बायकोनेंही म्हणूं नये. श्वास मोजण्याची वेगळी तपासणी असते. ती करवून घ्यावी. फोटो सपाट ठेवावा, ओलाव्यापासून जपावा. तो तुमचा आहे. आणि ट्रंकेंत नव्हे, तर डॉक्टरांच्या टेबलावर त्याची जागा आहे.

शेवटीं, ज्यासाठीं मीं आपणांस थांबवून ठेविलें तें सांगतों. आपल्यांतील पुष्कळजण यंत्रास भीत नाहींत, खर्चासही फारसे भीत नाहींत. ते भितात शेजाऱ्याला. “मुलीचें लग्न मोडेल, मालक कामावरून काढील, देवळांत लोक बांकावर दूर सरकतील.” बंधुभगिनींनो, ही भीति क्ष-किरणांनीं उत्पन्न केलेली नाहीं, ती आपण, एकमेकांनीं, उत्पन्न केली आहे, आणि तिचें औषध कोणत्याही दवाखान्यांत मिळत नाहीं. योग्य औषध नेमानें सुरू झालें म्हणजे बहुतेक रोग्यांपासून इतरांस होणारा संसर्ग लौकरच थांबतो. खरा धोका उपचार न घेणाऱ्याचा आहे. आणि आपण तोंड फिरवितों म्हणूनच तो उपचार घेत नाहीं.

महोत्सवाची आठवण म्हणून भिंतीवर संगमरवरी पाटी बसविण्याचा विचार आहे. ती अवश्य बसवावी. परंतु माझी एक विनंति आहे. प्रत्येक वस्तींतून दोन माणसें, एक पुरुष व एक स्त्री, पुढें यावींत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, किंवा घटतें वजन ज्याच्या घरीं असेल, त्याच्याबरोबर त्यांनीं फोटो काढावयास जावें, अहवाल वाचून घ्यावा, आणि तो कागद डॉक्टरांच्या हातांत पडेपर्यंत त्याची पाठ सोडूं नये. ज्यांना इंग्रजी वाचतां येतें अशा आपल्या कॉलेजांतल्या मुलामुलींनीं एवढें केलें, तरी पुष्कळ झालें. ज्याचा एक दिवसाचा खाडा पडेल, त्याची मजुरी धर्मग्रामाच्या गरीब-निधींतून भरून देण्याची व्यवस्था मीं करीन. नांवें कोठेंही वाचून दाखविलीं जाणार नाहींत. तयार असतील त्यांनीं आज सभागृह सोडण्यापूर्वीं दाराजवळच्या टेबलावर नांव लिहून जावें.

रुग्णांचें आरोग्य पवित्र लूर्दमाता आपल्या सर्व आजाऱ्यांसाठीं विनंति करो, आणि सर्वसमर्थ परमेश्वराचा आशीर्वाद आपणां सर्वांवर सदैव राहो. आमेन.